बत्तीस बाइटांचं बारसं

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत देवबागला आमच्याकडे पुण्याचं एक कुटुंब उतरलं होतं. परतीचं रेल्वेचं तिकीट कागदावर हवं म्हणून त्या गृहस्थांनी ओटीवर बसल्या बसल्या मोबाइलवरून प्रिंटचा हुकूम सोडला. आमचा प्रिंटर माजघरात, तो ढिम्म. त्यांनी दुसऱ्यांदा सोडला, तिसऱ्यांदा सोडला. मी कागद सारखे केले, शाई पाहिली, बटण बंद करून चालू केलं. एवढ्यात गडग्यापलीकडून शेजारच्या भाऊजींची हाक आली, "वयनीनू, तुमच्या पावण्यांचा तिकीट आमच्या मशिनीतसून भायर पडता हा! तीन येळा पडला!"

पाहुणे हसले, मी पण हसले, पण रात्री झोप लागेना. आज तिकीट गेलं, उद्या कुणाचं आधार कार्ड जाईल.

सकाळी उलगडा झाला. दोन्ही घरांत वायफाय एकाच मुलाने एकाच आठवड्यात बसवून दिलं होतं. वेळ वाचवायला त्याने दोघांकडे एकच नाव दिलं होतं, रोमन अक्षरांत "होमस्टे गेस्ट", आणि पासवर्डही एकच, एक ते आठ आकडे. मोबाइलला घर कळत नाही, त्यातली माणसं तर नाहीच कळत. त्याला नेटवर्कचं नाव कळतं, कुलूप कुठल्या जातीचं ते कळतं आणि किल्ली लागते की नाही ते कळतं. ओटीवर भाऊजींची रेंज आमच्यापेक्षा जास्त येत होती. फोन बिनदिक्कत त्यांच्याकडे गेला, तिथे एक प्रिंटर सापडला, आणि काम झालं.

चूक माझी. मी टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं काढलेली बाई. 1983 साली ऑपरेटर म्हणून लागले तेव्हा पोस्ट आणि टेलिफोन एकाच खात्यात होते. कानाला हेडसेट, समोर कॉर्ड बोर्ड आणि हातात ट्रंक कॉलची तिकिटं. कुणी कुणाला, किती वाजता, ऑर्डिनरी की अर्जंट, सगळं त्या चिठ्ठीवर लिहायचं. 31 जानेवारी 2020 ला बीएसएनएलमधून देशभरात 78 हजारांहून जास्त माणसं स्वेच्छानिवृत्तीने एका दिवशी बाहेर पडली, त्यांतली मी एक. आणि मीच स्वतःच्या घरात नाव न तपासता लाइन जोडून बसले होते.

त्या दिवसापासून घरातलं सगळं नेटवर्क मी पुन्हा पहिल्यापासून बांधलं. आता आजूबाजूचे निवास-न्याहारीवाले मला विचारायला येतात, म्हणून हे लिहिते आहे.

पहिली गोष्ट, वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. हे मी दिवसातून एकदा तरी सांगते. वायफाय म्हणजे घरातल्या घरातली, बिनतारी वाट. इंटरनेट म्हणजे घराबाहेर जाणारी वाट. त्या दोन्ही जिथे मिळतात तो डबा म्हणजे राउटर. पूर्वी लग्नपत्रिकेवर फोन नंबरापुढे "पी.पी." छापलेलं असायचं, आठवतं? फोन शेजाऱ्याचा, निरोप आमचा. अख्ख्या वाडीला एक नंबर, आणि फोनवाल्यांची मुलं धावत जाऊन सांगायची, "काकी, मुंबैचो फोन!" राउटर तेच करतो. घरात वीस मोबाइल असले तरी बाहेरच्या जगाला एकच नंबर दिसतो. कुणी काय मागितलं याची नोंद तो आपल्या वहीत ठेवतो आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला पोचवतो. आतल्या आत प्रत्येकाला तो एक एक्स्टेन्शन देतो. 192.168 ने सुरू होणारे जे आकडे मोबाइलच्या सेटिंगमध्ये दिसतात, ते तेच. हे पत्ते जगभर खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. माझ्या मोबाइलचा जो पत्ता, तोच न्यू जर्सीतल्या माझ्या भाचीच्या फ्रिजचाही असू शकतो, आणि काही बिघडत नाही.

बाहेरची वाट बंद पडली तरी आतली चालू राहते, हे मला 16 मे 2021 ला कळलं. तौक्ते वादळ आमचा किनारा घासत उत्तरेला गेलं त्या दिवशी. पहाटेच लाइट गेली, मग मोबाइलची रेंज गेली, मग बाहेरून येणारी वायर माडासकट खाली आली. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मधे जमिनीची एक चिंचोळी पट्टी. दार उघडायची सोय नव्हती. पण राउटर आणि समुद्राकडचा कॅमेरा इन्व्हर्टरवर होते. मोबाइलवर "कनेक्टेड, नो इंटरनेट" असं दिसत होतं आणि तरीही त्याच मोबाइलवर मला मागचं परसू दिसत होतं. न्हाणीघराच्या पत्र्यावर माड पडला तो आम्ही माजघरात बसून पाहिला. नातू म्हणाला, "आजी, नेट नाही ना, मग हे कुठून दिसतंय?" त्याला मी पी.पी. नंबर समजावला. फोनवाल्याची लाइन तुटली म्हणून वाडीतल्या माणसांनी एकमेकांशी बोलायचं थोडंच थांबवलं होतं?

आता भिंतींकडे येते, कारण सिंधुदुर्गात वायफायचं निम्मं रडगाणं भिंतींचं आहे. आमचं जुनं घर चिऱ्याचं, भिंती दीड फुटी. चिरा सच्छिद्र, पावसाळ्यात पाणी पितो, आणि पाणी वायफायच्या लहरी गिळून टाकतं. त्या लहरी 2.4 गिगाहर्ट्झच्या, लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, बांगड्याच्या निम्म्याएवढी. दुसरा पट्टा 5 गिगाहर्ट्झचा, त्यातली लहर आणखी आखूड. वेग जास्त, पण भिंत आली की दमते. मी मोबाइलवर रेंज मोजणारं एक फुकटचं ॲप घेतलं आणि जून महिन्यात घरभर फिरले. माजघरात आकडा उणे 48, ओटीवर उणे 60, आणि मागच्या पाहुण्यांच्या खोलीत उणे 81. तीन आकडे खाली गेलं की ताकद निम्मी होते, असा हिशेब आहे. म्हणजे दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट ओलांडेपर्यंत ताकद दोन हजारावा हिस्सा उरली होती. उणे 67 च्या आसपास असेल तर व्हिडिओ कॉल सुखाने होतो. उणे 80 ला व्हॉट्सॲपचा निरोपसुद्धा घड्याळ दाखवत बसतो.

म्हणून डबा आधी योग्य जागी ठेवा. बहुतेक घरांत तो वायर जिथून आत येते तिथेच, म्हणजे पडवीच्या कोपऱ्यात, चपलांच्या वर टांगलेला असतो. अर्धी रेंज गुरांना मिळते. घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीला, टीव्ही आणि कपाटापासून दूर ठेवावा. चुलीच्या किंवा गॅसच्या वर नको. आमच्याकडे डब्याच्या उबेला पाल आत शिरते आणि मुंग्या अंडी घालतात, तेव्हा अधूनमधून बघत जा. खाऱ्या हवेने वायरींची टोकं हिरवी पडतात. "नेट स्लो झाला" म्हणून कंपनीला शिव्या घालण्याआधी ते टोक काढून पाहा. मृगात आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात प्लग काढून ठेवा. फायबरची तार काचेची, तिच्यातून वीज येत नाही, पण डब्याच्या चार्जरमधून येते. माझा पहिला डबा तसाच गेला.

मागच्या खोलीसाठी दुकानदाराने मला रिपीटर द्यायला काढला होता. रिपीटर म्हणजे एकाचं ऐकून दुसऱ्याला सांगणारा मधला माणूस. ऐकायला आणि बोलायला तो बहुतेक वेळा एकच लहर वापरतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. मी त्याऐवजी पीव्हीसी पाइपमधून लॅनची वायर टाकून दुसरा डबा मागे बसवला. इथे माझ्याकडून एक घोळ झाला, तो सांगते. जुनाच राउटर जोडला आणि त्याची सेटिंगं तशीच ठेवली. तासाभरात निम्म्या घराचं नेट बंद. दोन्ही डबे एक्स्टेन्शन नंबर वाटत बसले होते. एका बोर्डावर दोन ऑपरेटर आणि दोघींचं एकमेकींकडे लक्ष नाही, अशी गत. दुसऱ्या डब्याला "ॲक्सेस पॉइंट" करायचं असतं, म्हणजे नंबर वाटायचं काम एकटा पहिला डबा करतो. ते केल्यावर शांतता झाली.

आणि आता गंमत. या दोन्ही डब्यांना मी एकच नाव आणि एकच पासवर्ड दिला. ज्या गोष्टीने तिकीट शेजारी गेलं, तीच इथे मुद्दाम करायची. कारण नेटवर्कचं नाव डब्याचं नसतं, घराण्याचं असतं. प्रत्येक डब्याला कारखान्यातून आलेला बारा अक्षरांचा स्वतःचा वेगळा क्रमांक असतोच. ते त्याचं पाळण्यातलं नाव म्हणा. आपण जे ठेवतो ते आडनाव. आडनाव एक दिसलं की मोबाइल ओटीवरून मागच्या खोलीत जाताना एका डब्याचा हात सोडून दुसऱ्याचा धरतो. आडनाव दोन वेगळ्या घरांनी एकच ठेवलं की घोळ.

हे नाव डबा सतत पुकारत असतो, सेकंदाला जवळजवळ दहा वेळा. गावात गाऱ्हाणं घालताना मानकरी एकेक नाव घेतो आणि माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात, तसंच काहीसं. डबा पुकारतो, ज्याच्याकडे किल्ली आहे तो मोबाइल होकार देतो. काही जण हुशारीने नाव लपवतात. त्याने काही लपत नाही. डबा बिननावाने पुकारत राहतो आणि उलट तुमचा मोबाइलच मालवणच्या बाजारात, एसटी स्टँडवर, जाईल तिथे नाव घेऊन विचारत फिरतो, "आहेस का रे इथे?" घरी झाकलेलं नाव गावभर झालं.

या नावाला तांत्रिक भाषेत एसएसआयडी म्हणतात आणि त्याची मर्यादा 32 बाइट. अक्षरं नव्हे, बाइट. हा फरक आपल्याला भोवतो. रोमन अक्षर एका बाइटात बसतं. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, प्रत्येक जण वेगळी पाटी घेऊन पंगतीला बसतो. सूनबाईच्या मनात "माडांच्या सावलीत" असं काव्यमय नाव होतं. वहीवर मोजलं, 46 बाइट झाले. "समुद्रकिनारा" 36. "मालवण" 15. मग मी सहज "सिंधुदुर्ग" मोजलं: स, वेलांटी, अनुस्वार, ध, उकार, द, उकार, र, हलन्त, ग. दहा चिन्हं, 30 बाइट. उरलेल्या दोनांत एक रिकामी जागा आणि एक रोमन आकडा. "सिंधुदुर्ग 2" असं लिहिलं की बरोबर 32, वर एक टिंबही मावत नाही. महाराजांनी कुरटे बेटावर 1664 साली किल्ला बांधायला घेतला तेव्हाही जागा अशीच काठोकाठ वापरली, असं आपलं मला वाटून गेलं.

शेवटी घरच्या माणसांसाठी "माडाखाली" ठेवलं, 24 बाइट. पाहुण्यांच्या नेटवर्कचं नाव "पावणे". जुना प्रिंटर आणि कॅमेरा मात्र देवनागरी बघून चौकोन दाखवायला लागले, म्हणून यंत्रांसाठी तिसरं नाव रोमन अक्षरांत, आणि तेही फक्त 2.4 च्या पट्ट्यावर, कारण असल्या स्वस्त यंत्रांना दुसरा पट्टा कळत नाही. बंगळूरच्या पाहुण्यांना "पावणे" वाचता येत नाही, त्यांच्यासाठी जेवणाच्या टेबलावर क्यूआर कोड चिकटवला आहे. मराठी पाहुणे ते नाव बघून हसतात आणि मग सोलकढी दुसऱ्यांदा मागतात, त्या दोहोंचा संबंध असावा.

नाव ठेवताना त्यात स्वतःचं खरं आडनाव, घर नंबर, मोबाइल नंबर घालू नका. रस्त्याने जाणाऱ्याला ते सगळं दिसतं. शिवाय जगात लोक गाडीतून फिरत नेटवर्कची नावं आणि जागा नोंदवून नकाशे करतात, 2001 पासून हे चालू आहे. डब्यावर छापून आलेलं कंपनीचं नाव तसंच ठेवणंही बरं नाही, कारण कुठला डबा आहे ते चोराला आपणच सांगतो. आणखी एक कारण आहे, ते बहुतेकांना माहीत नसतं. आज बहुतेक घरांत जी डब्ल्यूपीए-2 पद्धत असते, तिच्यात खरी किल्ली नुसत्या तुमच्या पासवर्डची नसते. पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र घालून 4,096 वेळा वाटलं जातं आणि त्यातून जो मसाला निघतो ती किल्ली. नाव चारचौघांचंच असेल, तर त्या नावाशी हजारो सोपे पासवर्ड आधीच वाटून ठेवलेला तयार मसाला चोराकडे असतो. नाव निराळं असलं की त्याला पाटा-वरवंटा घेऊन पहिल्यापासून बसावं लागतं. पासवर्ड 8 ते 63 अक्षरांचा चालतो. मी तीन माशांची मालवणी नावं आणि मधे एक आकडा असं रोमनमध्ये लिहिते. कुठले मासे ते सांगणार नाही. नव्या डब्यांत 2018 साली आलेली डब्ल्यूपीए-3 असते, असेल तर ती घ्या. राउटरच्या आतल्या पानाचा "ॲडमिन, ॲडमिन" हा पासवर्डही त्याच बैठकीत बदला.

पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं करणं हे यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि करायला दोन मिनिटं लागतात. बहुतेक राउटरमध्ये "गेस्ट नेटवर्क" असं बटण असतं. त्यातून पाहुण्याला इंटरनेट मिळतं, पण माजघरातला प्रिंटर, कॅमेरा, सुनेचा लॅपटॉप दिसत नाही. ओटीवर बसवतो तसं. चहा मिळेल, देवघरात जायचं नाही. तिकीट छापायचं असेल तर मला पाठवा, मी छापते.

आता थोडं या वायफायच्या पूर्वजांविषयी. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी 1971 साली बेटाबेटांवरची यंत्रं रेडिओने जोडली, त्याला अलोहानेट म्हणत. समुद्रात तार टाकण्यापेक्षा हवेतून बोलावं, हा किनाऱ्यावरच्या माणसाचा विचार. दोघं एकाच वेळी बोलले तर दोघांचंही फुकट जायचं, मग दोघांनी थोडं थोडं थांबून पुन्हा बोलायचं. वायफाय त्याचंच नातवंड. ते बोलण्याआधी ऐकूनही घेतं. वायफाय हे नाव 1999 सालचं, एका जाहिरातवाल्या कंपनीने हायफायच्या चालीवर जुळवलेलं. त्याचं लांबलचक रूप शोधत बसू नका. आपल्याकडे 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी 2005 मध्ये ठराविक ताकदीपर्यंत बिनपरवाना खुला झाला. एके काळी साध्या रेडिओलाही पोस्टातून लायसन्स काढावं लागे, हे आठवणाऱ्यांना याचं मोल कळेल.

पट्टा खुला असला तरी जागा थोडी आहे. आपल्याकडे त्यात तेरा चॅनल आहेत, पण एकमेकांवर न चढणारे तीनच, 1, 6 आणि 11. माडांच्या बागेत घरं जवळ जवळ, सगळे डबे सहावरच बोलत होते. मी आणि भाऊजी एका संध्याकाळी गडग्यावर बसलो आणि वाटणी करून टाकली, ते 1 वर, मी 11 वर. जमिनीची वाटणी एवढ्या पटकन झालेली मी आमच्या वाडीत पाहिलेली नाही.

अर्थात, हे सगळं वायर दारापर्यंत आली असेल तर. 2020 च्या पावसाळ्यात कणकवली तालुक्यातल्या एका गावात कॉलेजात शिकणारी एक मुलगी रेंजसाठी डोंगरावर बांधलेल्या खोपीत बसून तास ऐकत होती. बातमी झाली आणि मग तिच्या घरापर्यंत वायर आली. गावोगाव ही वायर यायला हवी. ती आली की घरात कशी खेळवायची ते आपल्याच हातात असतं, त्यासाठी कुणाची वाट बघू नका. आज संध्याकाळी मोबाइलवर आपल्या नेटवर्कचं नाव उघडून बघा. डब्यावर छापलेलंच असेल, तर बारसं उरकून घ्या.

भाऊजींना त्यांच्या नेटवर्कचं नाव "गडग्यापलीकडे" ठेवायचं होतं. मोजलं तर 36 बाइट. चार जास्त. त्यांनी दोन दिवस माझ्याशी वाद घातला, मग गडगा काढून टाकला. आता खळ्यात उभं राहिलं की मोबाइलवर देवनागरी नावं एकाखाली एक दिसतात: माडाखाली, पावणे, पलीकडे.